अप्पांचं एकतारी तेल

माझ्या हाताला आज जे काम आहे ते अप्पांमुळं आहे. काय झालं, कसं झालं, ते पुढं सांगतोच. पण त्यांचं नाव आधी यायला पाहिजे. नाव म्हणजे अप्पा, एवढंच. पूर्ण नाव लिहिलेलं त्यांना आवडायचं नाही.

कुठल्याही नव्या जमिनीवर पाय ठेवला की हा माणूस आधी खाली वाकायचा. चिमूटभर माती उचलायची, उजव्या कानापाशी न्यायची, अंगठा आणि बोटात चोळायची आणि डोळे मिटून ऐकायचं. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, म्हातारा फोनवर बोलतोय. ऐकून झालं की हात पायजम्याला पुसायचे आणि म्हणायचे, "निधान. आदुगर माती काय म्हणती ते बगू."

निधान म्हणजे कानडीत सावकाश. अप्पा उदगीरकडचे, त्यांच्या घरात अर्धी मराठी अर्धी कानडी. मी आता बंगळुरूला असतो. इथं बसमध्ये उतरणाऱ्या म्हातारीला कंडक्टर म्हणतो "निधान", रस्ता ओलांडणाऱ्या लेकराला आई म्हणते "निधान". सुरुवातीचे दोन महिने मी दर वेळी वळून बघायचो.

नांदेडला मोंढ्याच्या मागच्या गल्लीत अप्पांचं दुकान होतं. मोटरसायकलचे शॉकअप दुरुस्त करायचे. पाटी नव्हती, शटरवरच तांबड्या रंगात 'शॉकअप' लिहिलेलं. शेजारच्या सायकलच्या दुकानात मी मिस्त्री होतो, पण हातचं काम संपलं की अप्पांच्याच दुकानात असायचो. आमचं गाव औशाच्या बाजूला. नववीतून शाळा सुटली ती सुटलीच. कुणी "शिक्षण किती?" विचारलं की अजून मी विषय बदलतो. अप्पांनी ते कधी विचारलं नाही. पहिल्या दिवशी "कुठला तू?" एवढंच विचारलं, आणि त्या दिवसापासून माझं नावच औसा पडलं. "ए औसा, दहा नंबरचा पाना दे." "औसा, च्या सांग दोन." गल्लीतल्या पोस्टमनलासुद्धा माझं खरं नाव माहीत नव्हतं.

अप्पांचं आणि त्या गाड्यांचं जमलं कसं, ते बघण्यासारखं होतं. इंजिनिअरिंग कॉलेजची तीन-चार पोरं एक दिवस दुकानात आली. त्यांच्या हातात रिमोटवर चालणारी हातभर लांब गाडी. मातीवर शर्यत लावायची गाडी, चाकं उघडी, मागं शेपटीसारखा पंख. चार चाकांना चार शॉकअप, प्रत्येक अंगठ्याएवढा. एक चष्मेवाला पोरगा म्हणाला, "अप्पा, याचं तेल गळतंय. दुरुस्त होईल का?"

अप्पांनी तो शॉकअप तळहातावर घेतला. उलटा केला, सुलटा केला.

"हे कुणाचं हाय? उंदराच्या गाडीचं का?"

"विदेशातून आलंय अप्पा."

"इदेशातून येऊ दे न्हाईतर आपल्या इतवारा बाजारातून येऊ दे. गळतंय म्हंजे गळतंय."

त्यांनी त्यात मोटरसायकलचं तेल भरलं. दुसऱ्या दिवशी आतल्या रबराच्या रिंगा भिजलेल्या हरभऱ्यासारख्या फुगल्या आणि शॉकअप जाम झाला. अप्पांना लई लागलं. तीस वर्षं शॉकअप उघडणारा माणूस, अंगठ्याएवढ्या नळीनं त्याला हरवलं. दोन दिवस ते फुगलेली रिंग खिशात घालून फिरले. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "चल औसा, जिमला जाऊ."

मला वाटलं उन्हानं यांचं डोकं फिरलं. खरंच जिममध्ये गेलो. आत पोरं पट्ट्यावर पळत होती. अप्पा दारातच उभे राहून मालकाला म्हणाले, "ही पोरं पळून राहिली अन् जागच्या जागीच हायेत, ते असू द्या. त्या पट्ट्याखाली तुम्ही जे तेल सोडता, ते दाखवा मला." ते सिलिकॉनचं तेल निघालं. त्यानं रबर फुगत नाही. हे अप्पांनी कुठं ऐकलं होतं, कुणाला विचारलं होतं, देव जाणे.

पातळ तेल जिमच्या दुकानातून, घट्ट तेल त्या पोरांनी मागवून दिलं. अप्पा दोन्ही मिसळून आपली तेलं बनवायचे आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांत भरायचे. पोरांच्या वहीत तेलाचे आकडे होते. अप्पा म्हणाले, "तुमचे आकडे तुमच्यापाशी." त्यांनी बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्या: ताक, एकतारी, दोनतारी, काकवी. बोटात थेंब घ्यायचा, पाकाची तार बघतात तशी बोटं लांब करायची आणि सांगायचं, "ही एकतारीच्या जरा अलीकडं हाय. टाक अजून दोन थेंब." लग्नातला बुंदीचा आचारी शोभला असता.

तुम्ही म्हणाल, खेळण्याच्या गाडीला एवढं कशाला? मलाही तसंच वाटायचं. पण ती गाडी मोकळ्या मैदानात पळताना बघितली की कळतं. नांदेडला पोरांनी गोदावरीच्या अंगाला एका पडीक जागेत ट्रॅक केला होता. तिथली माती गाळाची, भुसभुशीत, वर वाळू. अप्पांनी ती कानाशी चोळली. "खसखस करती. म्हंजे मोकळी हाय, धरून ठिवणार न्हाई." मग टायर उंच दातांचे, स्प्रिंगा मऊ, गाडी जमिनीपासून जरा वर, तेल एकतारी. गाडी अशी पळाली की पोरं नाचायला लागली.

हीच गाडी हदगावला नेली. तिथं मैदान मुरमाड, वर बारीक खडा. तीच गाडी वळणावर गिरकी घेऊन उलटी पडली. अप्पा म्हणाले, "गाडी तीच हाय, जमीन ती न्हाई." टायर बदलले, स्प्रिंगा बदलल्या, मागची उंची एक कडी खाली घेतली. एक कडी म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी. गाडी सरळ झाली.

तिथं बघायला जमलेल्या एका शेतकऱ्यानं विचारलं, "अप्पा, ही पेरणीला चालंल का?"

"चालंल की. बी बारीक पाह्यजे."

"अन् ॲव्हरेज?"

"पळती तवर लई चांगलं देती."

मला घाईची सवय. भीतीमुळं घाई होते माझी. मालक रागावेल, गिऱ्हाईक निघून जाईल, काम हातचं जाईल, असलं काहीतरी डोक्यात चालू असतं आणि हात थरथरायला लागतो. त्या गाडीचे स्क्रू तिळाएवढे. हात थरथरला की स्क्रू गेलाच. अप्पा ओरडायचे नाहीत. पानाचा एक जुना डबा होता, त्यात शेकडो रबरी रिंगा मिसळून ठेवलेल्या. तो पुढं सरकवायचे. "मन थाऱ्यावर न्हाई का? मंग रिंगा निवड. बारक्या इकडं, मोठ्या तिकडं." अर्ध्या तासात हात शांत व्हायचा. नंतर मला कळलं, निवडून झालेल्या रिंगा ते माझ्यामागं पुन्हा एकात मिसळून ठेवायचे. पुढच्या वेळेसाठी.

आता लातूरचं सांगतो.

त्या वर्षी आमच्या सायकल दुकानाच्या मालकानं सांगितलं की उन्हाळा संपला की दुकान बंद, मुलाला तिथं मोबाईलचं दुकान टाकायचंय. म्हणजे माझं काम जाणार होतं. गावाकडं परत जाऊन करण्यासारखं काम नव्हतं. त्याच सुमाराला लातूरला एका मैदानावर या गाड्यांची शर्यत ठरली. आमची गाडी चालवणारा तो चष्मेवाला पोरगा म्हणाला, "दादा, बंगळुरूचे एक साहेब येणार आहेत. त्यांचा तिकडं पक्का ट्रॅक आहे, त्यांना मेकॅनिक पाहिजे. तुम्ही भेटाच." आणि मग हळूच, "आयटीआय वगैरे विचारतील हां कदाचित."

त्या दिवसापासून मला जेवण जाईना.

अप्पांचंही लातुरात एक काम होतं. त्यांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा भाऊ, लातूरला शॉकअपचंच दुकान चालवायचा. दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. पण मेहुण्याचं दुकान मोठं, काचेचं दार, चार कामगार. फोनवर दर वेळी टोमणा ठरलेला: "काय दाजी, म्हातारपणी खेळणी दुरुस्त करून राहिले म्हणं?" अप्पा हसून सोडून द्यायचे. पण लातूरला निघताना त्यांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. एसटीत लोह्याच्या पुढं मला म्हणाले, "आज त्याला बी बोलावलंय. बगू दे एकदा."

पहाटेच्या गाडीनं निघून आम्ही नऊच्या सुमारास मैदानावर पोचलो. लातूरची जमीन काळी, दाबून सपाट केलेली, वैशाखाच्या उन्हानं फरशीसारखी टणक, मध्ये मध्ये बारीक भेगा. अप्पांनी माती कानाशी चोळली, टायर निवडले, स्प्रिंगा बघितल्या. तेल एकतारीच ठेवलं. म्हणाले, "मी मेहुण्याच्या घरी अंघोळ-पूजा करून येतो. गाडी तयार हाय. आता कशाला हात लावू नको."

ते गेले. मी गाडीपाशी बसलो. ऊन चढायला लागलं. टेबलाचा पत्रा हाताला चटके देत होता. आणि माझ्या डोक्यात आलं की एवढ्या उन्हात तेल पातळ होणार. मोटरसायकलचं इंजिन ऑइल होतं तसं. दुपारी एकतारीचं ताक होईल. साहेबांसमोर गाडी आपटेल. अप्पांच्या हे ध्यानात कसं आलं नाही? मी चारही शॉकअप उघडले, तेल ओतून दिलं आणि दोनतारी भरलं. खरं सांगतो, भीती होतीच, पण थोडी हौसही होती. साहेबांना म्हणायचं होतं की हे मी केलं, माझ्या अकलेनं केलं.

अकराला पहिली फेरी झाली. अप्पा आले होते, सोबत मेहुणा. बंगळुरूचे साहेब टोपी घालून दोरीपाशी उभे. गाडी सुटली आणि पहिल्याच भेगांच्या पट्ट्यावर टुणटुण उड्या मारायला लागली. चाकं जमिनीला टेकतच नव्हती. चष्मेवाला ओरडला, "दादा, गाडी नाचतेय! धरतच नाही!" दुसऱ्या वळणावर ती उलटली. तिसऱ्या चकरेत पुन्हा उलटली. आठ गाड्यांत आम्ही शेवटचे. पण शेवटच्या फेरीत सगळ्यांनाच घेणार होते, एवढं नशीब.

गाडी टेबलावर आली. अप्पांनी पुढचा एक शॉकअप खोलला, बोट बुडवलं, अंगठ्यावर टेकवून हळूच लांब केलं. तार आली. तुटली नाही. अजून लांब केली, तरी तुटली नाही.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "औसा?"

मी म्हणालो, "मी हात नाही लावला अप्पा."

असं का म्हणालो, याचा विचार मी अजून करतो. साहेब चार पावलांवर उभे होते, एवढंच मला दिसत होतं.

मेहुणा पुढं वाकला. "काय दाजी? तेल चुकलं का काय?" आणि साहेबांना ऐकू जाईल असं हसला.

अप्पांनी शॉकअप टेबलावर ठेवला. मग सदऱ्याच्या खिशातून फडकं काढून बोट पुसलं. "व्हय," ते म्हणाले. "माझ्याच हातून बाटली बदलली. नजर काम देईना आता."

"मी म्हणत न्हवतो का," मेहुणा म्हणाला, "आता आराम करा म्हणून. हे बारीक काम हाय, दाजी. वय झालं की मान्य करावं."

"करतो की."

मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. तोंड उघडलं होतं मी, देवाशपथ उघडलं होतं. पण साहेबांनी तेवढ्यात मलाच विचारलं, "अब कौन ठीक करेगा? तुम करोगे?"

माझ्या आधी अप्पाच बोलले. "औसा करंल. त्याला एकट्याला करू द्या. मी हात लावत न्हाई." आणि ते लिंबाच्या सावलीत पालथ्या घातलेल्या क्रेटवर जाऊन बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर. इस्त्रीचा सदरा पाठीला चिकटलेला.

साहेबांनी मला विचारलं, "कितना पढ़े हो?"

मी खाली वाकून बाटली शोधायला लागलो. सावलीतून अप्पांचा आवाज आला, आपल्या नांदेडी हिंदीत: "मिट्टी पढ़ लेता है साब. और क्या होना?"

साहेब हसले. मग अप्पांनी कानडीत काहीतरी सांगितलं. कानडी ऐकून साहेब चकित झाले आणि सरळ त्यांच्यापाशी जाऊन बसले. दोघं बराच वेळ बोलले. मला एक अक्षर कळलं नाही. मी मान खाली घालून शॉकअप धूत होतो.

तेवढ्यात ट्रॅकवर शिंपायला पाण्याचा टँकर आला. शेवटच्या फेरीआधी माती ओली करून धूळ बसवायची होती. टँकरचा पाईप सुरू झाला आणि शेजारच्या वसाहतीतून बायका घागरी, हंडे, बादल्या घेऊन धावतच आल्या. पंधरा-वीस तरी असतील. बिल्ला लावलेला एक पोरगा ओरडला, "मावशी, हे पाणी ट्रॅकचं आहे! प्यायचं नाही!"

"भांडी तर घासता येतील का न्हाई? आमच्याकडं दहा दिवसांनी नळ येतो, अन् तुम्ही मातीला पाजून राहिले व्हय?"

"अहो मावशी, स्पर्धा आहे..."

"आमची रोजच हाय की."

सगळं मैदान हसलं. टँकरवाल्यानं मुकाट्यानं पाईप त्यांच्याकडं वळवला. अप्पा क्रेटवरून उठले आणि एका म्हातारीचा हंडा पाइपाखाली धरून उभे राहिले. चकाचक सदऱ्यावर पाणी उडत होतं. सगळ्यांची भांडी भरली तेव्हा टँकर रिकामा झाला होता, आणि ट्रॅक अर्धा ओला, अर्धा तसाच कोरडा.

अशा ट्रॅकला गाडी लावायची कशी? ओल्या काळ्या मातीत टायरला चिखल चिकटतो, कोरड्या भागात गाडी घसरते. बाकीचे मेकॅनिक ओल्यासाठी उंच दातांचे टायर चढवायला लागले, कारण भीती सगळ्यांना चिखलाचीच होती. मी अप्पांकडं बघितलं. त्यांनी मुद्दाम तोंड दुसरीकडं फिरवलं.

मग मी ट्रॅकवर गेलो. ओल्या भागातली माती कानाशी चोळली. आवाज नाही. बोटं काळी झाली. शेवटची फेरी तासाभरानं होती. ऊन डोक्यावर. पायाखालच्या मातीवर आत्ताच पापुद्रा धरायला लागला होता. तासाभरात हा भाग कोरडाच होणार, राहिलाच तर थोडा ओलावा, आणि थोड्या ओलाव्यात टायर चांगली पकड घेतो. मी अर्धे झिजलेले, बुटक्या दातांचे टायर पेटीतून काढून चढवले. शॉकअपमध्ये एकतारी भरलं. भरताना हात थरथरत नव्हता, याचं मलाच नवल वाटलं. चष्मेवाल्याला सांगितलं, "पहिल्या दोन चकरा राहिलेल्या ओल्यात जपून जा. नंतर गाडी तुझी."

पहिल्या दोन चकरांत आम्ही सहावे होतो. उंच दातांच्या गाड्या पुढं पळाल्या. मग उरलासुरला ओलावा चाकांनी उडाला आणि त्या कोरड्यावर गिरक्या घ्यायला लागल्या. आमची गाडी भेगांवरून अशी गेली की जणू जमिनीला चिकटलीय. तिसरे आलो. चष्मेवाल्यानं रिमोट फेकून मला मिठी मारली. साहेबांनी माझा नंबर घेतला आणि म्हणाले, "जून में आ जाओ."

मेहुणा जाताना अप्पांना म्हणाला, "पोरगं हुशार हाय दाजी. तुमची चूक निस्तरली त्यानं."

"व्हय की," अप्पा म्हणाले.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी, अप्पा शेजारी. चाकूरला गाडी थांबली. अप्पांनी कागदात भजी आणली. मी म्हणालो, "अप्पा, मला एक सांगायचंय."

"खा आदुगर. गार व्हतील."

"अप्पा, ते तेल..."

"इंजिनाचं ऑइल उन्हानं पातळ व्हतं," ते भज्याकडं बघत म्हणाले. "हे सिलिकॉनचं तेवढं व्हत न्हाई. म्हणून तर ते वापरायचं. एवढं ध्यानात ठेव." मग मिरचीचा देठ खिडकीतून बाहेर टाकला आणि डोळे मिटले. अहमदपूर येईपर्यंत उघडले नाहीत. झोपले नव्हते. मला माहीत आहे, झोपले की ते घोरायचे.

जूनमध्ये मी बंगळुरूला आलो. नवीन गाव, नवीन भाषा, एका खोलीत चौघं. काम मात्र आवडीचं. लाल माती, गालिचा अंथरलेला ट्रॅक, पावसातला ट्रॅक, रोज वेगळी जमीन. साहेब चांगले. वर्ष-दीड वर्ष झाल्यावर एकदा चहा पिताना मी त्यांना सहज विचारलं, "सर, लातूरला अप्पा तुम्हाला कानडीत काय म्हणाले होते?"

साहेब म्हणाले, "बस एक ही बात बोली थी. ये लड़का बिना पूछे किसी चीज़ को हाथ नहीं लगाता. यहाँ लोग इतनी महँगी गाड़ियाँ छोड़ के जाते हैं, मुझे ऐसा ही आदमी चाहिए था."

हातातला चहा मी तसाच खाली ठेवला. ज्या दिवशी मी न विचारता हात लावला, वर खोटं बोललो, त्याच दिवशी, तेच तेल बोटाला लागलेलं असताना, अप्पांनी माझ्याबद्दल ही हमी दिली होती. कामावर घेतलं ते माझं टायर निवडणं बघून, असं मी इतके दिवस समजत होतो.

तेव्हापासून मी खरंच न विचारता कशाला हात लावत नाही. गिऱ्हाइकाच्या गाडीचा साधा स्क्रू बदलायचा तरी फोन करतो. इथली पोरं हसतात मला. हसू देत. अप्पांनी माझं जे वर्णन सांगितलं, तसा मी नव्हतो; निदान आता तरी व्हावं.

दोन वर्षांपूर्वी अप्पांनी दुकान बंद केलं. हातांना कंप सुरू झाला. आता ते बिदरकडं मुलीच्या घरी असतात. मागच्या दिवाळीत भेटून आलो. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात, तरी बशीत सांडतो. सांडलेलं बशीतून पितात आणि म्हणतात, "बशी असतीच कशाला मंग?" तिकडं शॉकअप नाहीत, गाड्या नाहीत. नातवाच्या तीनचाकी सायकलची उंची तेवढी दोनदा बदलून झालीय. नातू वैतागलाय.

सगळं ठीक म्हणायचं. पण त्यांची मुलगी मला दारापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, "लातूरचे मामा सगळ्यांना सांगत फिरतात, अप्पांचा हात गेलाय हे मी त्या शर्यतीतच ओळखलं होतं म्हणून. उदगीरच्या पाहुण्यांतसुद्धा तीच गोष्ट. अप्पा काही बोलतच नाहीत." तिला काही माहीत नाही. मी चपला घालत होतो. चपला घालतच राहिलो. तिथंही बोललो नाही.

त्या दिवशी लातुरात अप्पांचा हात साफ होता. त्यांच्या तीस वर्षांच्या हातावर डाग पडला तो माझ्यामुळं, आणि तो डाग ते अजून वागवतात, मी इथं निवांत काम करावं म्हणून.

हे सगळं मी मराठीत आधी लिहिलं, कारण साहेबांना मराठी वाचता येत नाही. खोटं कशाला सांगू, अजून भीती वाटते. पण आधी त्यांनाच सांगणार आहे, त्यांच्या केबिनमध्ये उभा राहून, त्यांना समजेल अशा भाषेत. त्यांनी ठेवलं तर ठेवलं. मग लातूरला जाणार. काचेचं दार ढकलून आत जाणार आणि चारही कामगारांसमोर मेहुण्यांना सांगणार, "मामा, दोनतारी तेल मी भरलं होतं. दाजींची नजरही चुकली नव्हती अन् हातही." उदगीरच्या पाहुण्यांकडं जावं लागलं तर तिथंही जाईन, घरोघर जाईन.

अप्पा, तुम्ही म्हणाल, कशाला. पण हे मी फेडणार आहे. तुमच्या कानांनी ते ऐकाल, एवढ्या लवकर फेडणार आहे.